काम एकाकडे, पगार दुसऱ्याकडून

चाकण किंवा रांजणगावच्या पट्ट्यात कुणाला ‘कुठे कामाला आहेस?’ असे विचारले की तो कंपनीचे नाव सांगतो. पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘कंपनीच्या रोलवर की कॉन्ट्रॅक्टवर?’ लग्नाच्या बोलणीतही हा प्रश्न सुटत नाही. यंत्र तेच, पाळी तीच, सुपरवायझरही तोच. फक्त हजेरी वेगळ्या रजिस्टरात लागते आणि पगार वेगळ्याच नावाने खात्यात येतो. वार्षिक उद्योग पाहणीनुसार देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांमधील कामगारांत ठेकेदारामार्फत आलेल्यांचा वाटा या शतकाच्या सुरुवातीला सुमारे २० टक्के होता. २०२१-२२ पर्यंत तो ४० टक्क्यांवर गेला. ही पाहणी मुख्यतः कारखान्यांची आहे. बँका, मॉल, रुग्णालये, महापालिका, आयटी पार्कांतली स्वागतिका आणि सफाईवाला यांचा हिशेब तिच्यात येत नाही.

या लेखापुरता विषय आखून घेतलेला बरा. सरकारी आरोग्य अभियानात थेट करारावर घेतलेली परिचारिका आणि एजन्सीने पाठवलेली परिचारिका या दोघींना आपण सरसकट ‘कंत्राटी’ म्हणतो, पण पहिलीचा मालक कोण याबद्दल शंका नसते. इथे चर्चा आहे ती दुसरीची, म्हणजे जिथे कामगार, एजन्सी आणि काम करून घेणारा मूळ मालक असा तिघांचा मामला आहे तिची. उचल घेऊन मुकादमामार्फत साखर कारखान्यावर जाणारा ऊसतोड कामगार याच घराण्यातला आहे, पण त्याचे अर्थकारण इतके वेगळे की तो स्वतंत्र लेखाचा विषय ठरतो.

जॉबरपासून कायद्यापर्यंत

मुंबईच्या गिरण्यांत माणसे भरायचे काम सुरुवातीपासून जॉबरकडे होते. गावाकडून आलेल्या माणसाला तो चिकटवायचा, रजा तोच द्यायचा, काढूनही तोच टाकायचा, आणि प्रत्येक टप्प्यावर दस्तुरी घ्यायचा. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर बोट ठेवले आणि भरतीचा अधिकार जॉबरच्या हातून काढून घ्यावा असे सुचवले. जॉबर ओसरला, पण अस्थिरता राहिली. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे आणि कुणी गैरहजर असेल तरच आत जायचे, ही बदली कामगाराची अवस्था १९३५ च्या बदली नियंत्रण योजनेनंतरही संपली नाही. १९८२ च्या गिरणी संपाच्या मागण्यांतही बदलीवाल्यांना कायम करण्याची मागणी होती.

कंत्राटी कामगारांविषयीच्या कायद्याचे मूळ मात्र गिरणगावात नाही, ते मुंबईच्याच एका तेलशुद्धीकरण कारखान्यात आहे. स्टँडर्ड व्हॅक्यूम कंपनीच्या कामगारांनी साफसफाईचे काम ठेकेदाराला देण्यास हरकत घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६० साली निकाल कामगारांच्या बाजूने लागला. न्यायालयाने पाहिलेल्या गोष्टी अशा : काम कारखान्याच्या मुख्य कामाशी निगडित आहे का, ते बारमाही आहे का, त्यासाठी पुरेशी पूर्णवेळ माणसे लागतात का, आणि इतर तशाच कारखान्यांत ते कायम कामगार करतात का. हेच चार निकष पुढे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या दहाव्या कलमात जवळजवळ जसेच्या तसे आले.

या कायद्याने दोन कामे एकदम करायची ठरवली. जिथे कंत्राटी पद्धत चालू द्यायची तिथे ठेकेदाराला परवाना, मालकाची नोंदणी, उपाहारगृह, विश्रांतिगृह, पाणी आणि वेळेवर पगार यांचा बंदोबस्त; आणि ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यायचा. जिथे चालू द्यायची नाही तिथे सरकारने अधिसूचना काढून ती बंद करायची. बंद झाल्यावर त्या कामगारांचे काय, हे मात्र कायद्याने सांगितले नाही. पुढची बहुतेक सगळी भांडणे या मौनातून निघाली.

न्यायालयांचा लंबक

१९९६ साली एअर इंडियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते मौन कामगारांच्या बाजूने भरून काढले : पद्धत बंद झाली की ते कामगार आपोआप मूळ मालकाचे होतात. पाच वर्षेही झाली नाहीत तोच, ३० ऑगस्ट २००१ रोजी स्टील अथॉरिटीच्या प्रकरणात घटनापीठाने हा निकाल फिरवला. बंदी आली तरी सामावून घेण्याचा आपोआप हक्क नाही. मात्र कंत्राट नुसते कागदावरचे असेल, ठेकेदार हा मालकाचा मुखवटा असेल, तर औद्योगिक न्यायाधिकरण त्या कामगारांना मालकाचेच ठरवू शकते.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. कामगारांना वर्षानुवर्षे बदली किंवा तात्पुरते ठेवून कायम नोकरीच्या लाभांपासून वंचित करणे ही राज्याच्या १९७१ च्या कायद्यानुसार अनुचित कामगार प्रथा आहे. आदर्श स्थायी आदेशांत बारा महिन्यांत २४० दिवस सलग सेवा झाली की कायम करण्याची तरतूद आहे. शॉप फ्लोअरवरचा ‘ब्रेक’ जन्माला आला तो या २४० दिवसांच्या भीतीने. सहा-सात महिने झाले की गेटपास जमा करायचा, काही दिवस घरी बसायचे, मग पुन्हा यायचे, कधी त्याच ठेकेदाराकडून, कधी त्याच्या भावाच्या नावावरच्या दुसऱ्या फर्मकडून. अशा कामगारांनी अनुचित प्रथेची तक्रार घेऊन औद्योगिक न्यायालयाकडे जावे, तर २००१ मध्येच पुण्याच्या कल्याणी स्टील्स आणि मुंबईच्या सिप्लाच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने ती वाट अरुंद केली. मालक-कामगार नातेच वादात असेल तर आधी ते दुसऱ्या मार्गाने सिद्ध करा, मग इकडे या, असा त्या निकालांचा अर्थ. दाराआधी दार, आणि पहिल्या दाराशीच आठ-दहा वर्षे जाऊ शकतात. वकिलांना हे तर्कशुद्ध वाटते. ज्याचे वय त्या रांगेत सरते त्याला तसे वाटणे अवघड आहे.

एका बिलाची चिरफाड

बाजू मांडण्याआधी पैसा कसा फिरतो ते पाहिलेले चांगले. मांडणीसाठी एक माणूस घेऊ, मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून महिना १५,००० रुपये. त्यावर मालकाच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी प्रशासकीय व विमा आकारासह १३ टक्के, म्हणजे १,९५०. कर्मचारी राज्य विमा योजनेचे (ईएसआय) ३.२५ टक्के, ४८८. बोनस किमान ८.३३ टक्के, १,२५०. बेरीज १८,६८८. त्यावर एजन्सीचा सेवाआकार समजा ६ टक्के, १,१२१. मग सगळ्या रकमेवर, म्हणजे कामगाराच्या पगारासकट, १८ टक्के जीएसटी, सुमारे ३,५६६. कंपनीच्या हातात पडणारे बिल २३,३७५ रुपयांचे. जीएसटी कारखान्याला बहुधा परताव्यात मिळतो, त्यामुळे खरा खर्च १९,८०० च्या आसपास. कामगाराच्या हातात काय? १५,००० मधून १,८०० पीएफ, ११३ राज्य विमा, २०० व्यवसाय कर वजा जाता १२,८८७.

या आकड्यांत दोन गोष्टी दिसतात. कायद्याने चालले तर कंत्राटी माणूस स्वस्त पडतो तो त्याच्या करांमुळे नाही. तो स्वस्त पडतो कारण शेजारच्या पर्मनंट कामगाराचे वेतन युनियनच्या करारावर चालते आणि याचे किमान वेतनावर. दुसरे, सेवाआकार किती बारीक आहे. निविदेत तो आणखी खाली उतरतो. कुठे एक टक्का, कुठे त्याहूनही कमी. इतक्यात कुणाचे कार्यालय चालत नाही. मग उरलेले कुठून निघते, तर ओव्हरटाइम दुपटीऐवजी एकपटीने देण्यातून, बोनसची रक्कम दडपण्यातून, पीएफ कापून न भरण्यातून, गणवेश-बुटांच्या कपातीतून, किंवा एटीएम कार्ड ठेवून घेऊन पगाराचा काही भाग रोख परत घेण्यातून. सगळे ठेकेदार असे करतात असे नाही. पण ‘सर्वांत कमी दर’ या एकाच अटीवर निविदा देणारा मूळ मालक ही सगळी गणिते जाणून असतो, हे मान्य करायला हरकत नसावी.

बाजूने काय म्हटले जाते

उद्योगांचा मुद्दा मागणीच्या चढउताराचा आहे. दिवाळीआधी दुचाकी जास्त निघतात, नंतर कमी. दिवाळीच्या ऑर्डरसाठी घेतलेली माणसे कायमची सांभाळणे परवडत नाही, आणि शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कपातीसाठी सरकारची परवानगी लागत असे (नव्या कामगार संहितेत हा आकडा ३०० झाला आहे), म्हणून मालक आधीच हात आखडता घेत. मारियान बर्ट्रांड, चांग-ताय श्ये आणि निक त्सिव्हानिदिस या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासाचा रोख असा की २००१ च्या निकालानंतर मोठ्या कारखान्यांनी कंत्राटी कामगारांचा वापर वाढवला आणि ते जास्त वाढले, रोजगारही वाढवला. आधी अडलेली वाढ कंत्राटी वाटेने झाली, असे त्यातून म्हणता येते.

स्टाफिंग कंपन्यांचा दावा वेगळा आहे. त्या म्हणतात, आमची तुलना पर्मनंट नोकरीशी करू नका, असंघटित क्षेत्राशी करा. नाक्यावरच्या मजुराला ना पगारपत्रक, ना पीएफ, ना विमा. आमच्याकडे येणाऱ्याला बँकेत पगार, पीएफचा सार्वत्रिक खाते क्रमांक (यूएएन) आणि ईएसआयचे कार्ड मिळते. इंडियन स्टाफिंग फेडरेशन ही त्यांची संघटना २०११ पासून हेच मांडते आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. बीड-परभणीहून आलेल्या आयटीआय झालेल्या मुलाची पुण्यात कुणाशी ओळख नसते. एजन्सी त्याला आठवड्याभरात कामाला लावते, खोलीचीही सोय सांगते. काही मुलांना, विशेषतः स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी मधली दोन वर्षे काढणाऱ्यांना, कायमचे अडकणे नकोच असते. बाळंतपणानंतर परत कामावर येऊ पाहणाऱ्या, अर्धवेळ हवे असणाऱ्या स्त्रियांनाही ही सोय वाटू शकते.

राहतो ‘पायरी’चा दावा : कंत्राटीतून अनुभव, अनुभवातून कायम. जगभर यावर सर्वाधिक अभ्यास झाला आहे आणि सर्वाधिक मतभेदही इथेच आहेत. डेव्हिड ऑटर आणि सुसान हाउसमन यांनी डेट्रॉइटमधल्या सरकारी मदतीवरच्या लोकांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध केला. थेट नोकरीला लागलेल्यांची पुढची कमाई वाढली, एजन्सीमार्फत लागलेल्यांची वाढली नाही, काहींची घटलीही. युरोपातले काही अभ्यास याच्या उलट सांगतात. आपल्याकडे शेजारच्या लाइनवरचा एखादा मुलगा कायम झाल्याची गोष्ट प्रत्येक कारखान्यात ऐकू येते, आणि ती एकाचीच असते.

विरोधात काय म्हटले जाते

युनियनचा पहिला आक्षेप समान कामाला असमान पगार हा आहे. १९७० च्या कायद्याखालच्या नियमांतच तेच किंवा तत्सम काम करणाऱ्याला तेच वेतन अशी अट होती. ती अंमलात क्वचितच आली. २०१६ च्या जगजीत सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरत्या सरकारी कर्मचाऱ्यांना समान वेतनाचे तत्त्व लावले, पण खासगी कारखान्यातल्या ठेकेदाराच्या माणसापर्यंत ते पोचलेले नाही.

सामाजिक सुरक्षेचे नुकसान अधिक बारीक, म्हणून कमी बोलले जाते. पीएफ प्रत्येकाचा कापला जातो. पण दर ब्रेकला पैशाची नड असते, मग मुलगा पीएफ काढतो, सोबत पेन्शनचीही रक्कम काढून टाकतो. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. पंधरा वर्षे कारखान्यांत राबून अशा माणसाच्या खात्यावर सलग दोन वर्षेही उरत नाहीत. २०१४ मध्ये यूएएन येण्याआधी तर ठेकेदार बदलला की खाते बदलायचे, आणि जुन्या ठेकेदाराची सही आणायला माणूस तळेगाव ते भोसरी हेलपाटे मारायचा. राज्य विम्याचा आजारपणाचा लाभ मिळायला एका हप्ता-कालावधीत ७८ दिवस भरावे लागतात. ब्रेक नेमका त्याच्या आड येतो. ग्रॅच्युइटीची पाच वर्षे पूर्ण होणे तर जवळपास अशक्यच. कायदा आहे, लाभही आहे, कालगणना मात्र दुसऱ्याच प्रकारच्या नोकरीची आहे.

दोन आक्षेप थोडक्यात. प्रेसवर किंवा बॉयलरपाशी दोन दिवसांच्या प्रशिक्षणावर उभा केलेला नवखा माणूस अपघाताला जवळ असतो. आणि एकाच छपराखाली दोन वर्ग तयार झाले की संघटना दुबळी होते. कायम कामगारांच्या युनियन कंत्राटींना सभासद करून घ्यायला कचरतात, कारण त्यांच्या स्वतःच्या करारातली वाढ काही अंशी याच स्वस्त मनुष्यबळावर उभी असते. डाव्या संघटनांतही हे आता उघडपणे बोलले जाते.

सरकार जेव्हा मूळ मालक असते

कामगार कायदा राबवणारेच मोठे मूळ मालक असल्याने महाराष्ट्रात हा वाद सरकारी कामांत सर्वांत तापतो. मुंबई महापालिकेने कचरा उचलायला माणसे लावली ती लहान लहान तुकड्यांत, वीसपेक्षा कमी माणसांच्या, कारण कायदा वीसपासून लागू होत असे. १९९७ पासून काम करणाऱ्या कचरा वाहतूक श्रमिक संघाने हे कंत्राट बनावट असल्याचे न्यायाधिकरणात सिद्ध केले आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा मार्ग मोकळा केला. त्यानंतरही नावांच्या स्पेलिंगमधल्या फरकांवर अनेकांची प्रकरणे अडून राहिली. या कामगारांत बहुसंख्य दलित आहेत, त्यामुळे इथे कंत्राटीकरण हा जातीचाही प्रश्न बनतो.

६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने राज्य सरकारने नऊ एजन्सींमार्फत विविध पदे भरायचे ठरवले. स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी रस्त्यावर आले. त्यांचे दोन मुद्दे होते : एजन्सी भरतीत आरक्षण राहणार नाही, आणि वर्षानुवर्षे तयारी करूनही जागाच निघणार नाहीत. २० ऑक्टोबरला तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी निर्णय रद्द केल्याचे जाहीर केले. या धोरणाची सुरुवात कुणी केली यावर दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बोट दाखवले. खात्याखात्यांतल्या स्वतंत्र निविदा मात्र चालूच आहेत. वित्त विभागाचे म्हणणेही समजून घ्यायला हवे : वेतन आणि निवृत्तिवेतनातच महसुलाचा मोठा वाटा जातो, त्यात सफाई आणि सुरक्षेसाठी कायम पदे वाढवायची तर रस्ते-पाण्याचे पैसे कुठून आणायचे. याच्या उलट बाजूला सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२४ चा जग्गो निकाल आहे. तात्पुरत्या सरकारी कर्मचाऱ्यांना कायम होण्याचा हक्क नाकारणाऱ्या २००६ च्या उमादेवी निकालाची ढाल करून सरकारी संस्थांनी कायम स्वरूपाच्या कामांवर माणसे दशकानुदशके तात्पुरती ठेवू नयेत, असे त्यात बजावले आहे.

तिसरी वाट : मंडळ

एजन्सी हवी की नको या वादात महाराष्ट्राचा स्वतःचा प्रयोग फारसा आठवला जात नाही. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून आलेल्या १९६९ च्या माथाडी कायद्यात कामगार एका मालकाचा नसतोच. तो मंडळाकडे नोंदलेला असतो. व्यापारी मजुरी आणि वरची लेव्ही मंडळाकडे भरतो, मंडळ पगार, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, ग्रॅच्युइटी सांभाळते. मालक कितीही बदलोत, सेवा अखंड. १९८१ मध्ये खासगी सुरक्षारक्षकांसाठीही असेच मंडळ आले. म्हणजे लवचीकता आणि सुरक्षा एकत्र नांदू शकतात, हे घाऊक बाजारांत अर्धे शतक दिसले आहे. त्याचे वैगुण्यही दिसले आहे. माथाडीच्या नावाने काम न करता वसुली करणाऱ्या टोळ्या, वारईचे (माल उतरवण्याच्या आकाराचे) वाद, मंडळांतली दिरंगाई, आणि सुरक्षेत खासगी एजन्सींना कायद्यातून मिळणाऱ्या सवलती. गृहनिर्माण संस्था मंडळाचा रक्षक महाग म्हणून एजन्सीचा घेतात, ही रोजची गोष्ट आहे. या नमुन्याची सुधारित आवृत्ती कारखान्यांना लावून पाहायला हवी होती, असे मला वाटते. ती कुणी गांभीर्याने लावून पाहिलेली नाही.

परदेशातली उत्तरे नियमांची आहेत, मंडळांची नव्हेत. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशात एजन्सी कामगाराला पहिल्या दिवसापासून समान मूलभूत अटी आहेत, अपवादांसह. जर्मनीत २०१७ पासून एका ठिकाणी १८ महिन्यांची मर्यादा आणि नऊ महिन्यांनंतर समान वेतन. जपानने १९८५ मध्ये मोजक्या व्यवसायांपुरती दारे उघडली, २००४ मध्ये कारखान्यांपर्यंत नेली, आणि २००८ च्या मंदीत घर आणि नोकरी एकदम गेलेल्या कामगारांसाठी टोकियोच्या हिबिया उद्यानात स्वयंसेवकांना तंबू उभारावे लागले.

नव्या संहिता आणि उघडे प्रश्न

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९७० चा कायदा मागे पडला. कंत्राटी कामगारविषयक तरतुदी आता ५० किंवा अधिक कामगारांना लागू. महाराष्ट्राने हा आकडा आधीच ५० केला होता. परवाना पाच वर्षांचा. सर्वांत मोठा बदल असा की प्रत्येक ठिकाणी अधिसूचना काढण्याऐवजी ‘मुख्य कामात’ कंत्राटी मजूर लावायला सरसकट मनाई झाली. मात्र सफाई, सुरक्षा, उपाहारगृह, चढउतार वगैरे कामे सामान्यतः मुख्य धरली जाणार नाहीत, आणि मुख्य कामातही जिथे ते प्रथेने ठेकेदाराकडून होते, जिथे पूर्णवेळ माणूस लागत नाही, किंवा जिथे काम अचानक वाढले आहे तिथे सूट आहे. १९६० चा निकाल साफसफाईबद्दल होता. आता नेमकी साफसफाईच यादीबाहेर गेली. उद्योगांना हा खुलासा स्वागतार्ह वाटतो, युनियनना बंदीपेक्षा सवलत मोठी वाटते.

दुसरा बदल कमी चर्चिला गेला. एजन्सीने माणसाला स्वतःकडे कायम नेमले, ठरावीक वेतनवाढ आणि सामाजिक सुरक्षा दिली, तर तो ‘कंत्राटी कामगार’ या व्याख्येतच बसत नाही. मोठ्या स्टाफिंग कंपन्या याला व्यवसायाची परिपक्वता म्हणतात : आम्हीच खरे मालक होऊ. टीकाकार विचारतात की मूळ मालकावरची शेवटची जबाबदारी मग कुठे राहिली, आणि ग्राहक कंपनीने कंत्राट संपवले तर ती ‘कायम’ नोकरी किती दिवस टिकेल. त्याच वेळी थेट मुदतबंद नोकरीचा पर्याय आला आहे. त्यात समान लाभ आणि एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे. मालक त्याकडे वळले तर एजन्सीचे काम घटेल. कायम जागाच मुदतबंद केल्या तर युनियनची भीती खरी ठरेल. दोन्ही घडू शकते, एकाच औद्योगिक वसाहतीत.

प्रथा म्हणजे काय, अचानक वाढ किती महिने अचानक मानायची, काम मुख्य की दुय्यम हा वाद किती काळात मिटवायचा, यावर जुन्या कायद्याप्रमाणेच न्यायालयांत वर्षे जाण्याची शक्यता आहे. निरीक्षकाची भूमिकाही आता ‘निरीक्षक तथा सुविधाकार’ अशी झाली आहे. तो बिलातल्या एक टक्का सेवाआकाराकडे बघून प्रश्न विचारेल की ऑनलाइन विवरणपत्र भरलेले आहे एवढेच पाहील, हे संहितेच्या कलमांत लिहिलेले नाही.